उपदेश आणि उपजीविका

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने जी लहानमोठी तीर्थस्थाने वसली आहेत, त्यांत वज्रेश्वरीचा मान पहिला. या गावाला पूर्वी वडवली म्हणत. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी या देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांच्या हाती आला, आणि त्यानंतर सुभेदार शंकर केशव फडके यांनी टेकडीवर देवीचे देवालय उभारले, ही हकीकत या मुलखातील लहानथोरांना ठाऊक आहे. किल्ल्याच्या तटाची आठवण करून देणारी देवालयाची दगडी भिंत, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, पायथ्याशी खण-नारळाची व हाराफुलांची दुकाने, आणि जवळच अकलोली व गणेशपुरी येथे जमिनीच्या पोटातून तापून वर येणाऱ्या पाण्याची कुंडे, असा हा सारा परिसर आहे. या परिसरातील पुष्कळ कुटुंबांची चूल देवीच्या आणि कुंडांच्या आधाराने पेटते. ओटीचे साहित्य विकणारी बाई, हार गुंफणारा, खानावळ चालवणारा, उतारूंना खोली देणारा, आंघोळीला आलेल्यांचे कपडे राखणारा, या सर्वांच्या वर्षाच्या बेगमीत चैत्री अमावास्येच्या यात्रेचा मोठा वाटा असतो. श्रद्धेच्या आश्रयाने चाललेल्या या व्यवहारात कोणाला काही गैर वाटत नाही, आणि वाटूही नये. कारण नारळ विकणारा नारळाचेच पैसे घेतो.

परंतु त्याच पायऱ्यांवर एखादा माणूस बैठक मांडून बसला, देवीचे स्वरूप काय, शक्ती म्हणजे काय, जन्ममरणाचा अर्थ काय, हे त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सुबोध करून सांगावयास आरंभ केला, आणि सांगून झाल्यावर त्याबद्दल ठराविक दर मागितला, तर ज्यांनी आताच नारळाचे पैसे विनातक्रार मोजले तीच माणसे मनातून खट्टू होतील. वास्तविक नारळापेक्षा त्या माणसाने दिलेली वस्तू अधिक मोलाची आहे आणि तिच्यासाठी त्याला अधिक कष्ट पडले आहेत. मग मोलाच्या वस्तूला मोल घेणे आपल्याला का खुपावे? हा केवळ जुना संस्कार आहे, की त्याच्या मुळाशी काही सत्य आहे? आज आपले ज्ञान लोकांना समजावून सांगावे आणि त्यावरच लहानसा धंदा उभारून स्वतंत्रपणे जगावे अशी आकांक्षा पुष्कळ बुद्धिमान तरुणांच्या मनात असताना हा प्रश्न पोथ्यांपुरता उरलेला नाही, आणि म्हणूनच त्याचा शांतपणे परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर वरकरणी कठोर आहे. वेतन घेऊन शिकवणाऱ्या अध्यापकाला मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. ज्याची विद्या केवळ पोट भरण्यासाठी आहे त्याला कालिदासाने आपल्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात ज्ञानाचा वाणी ठरवले. आणि तुकोबांनी तर जेथे कीर्तन करावे तेथे अन्नही घेऊ नये, इतका कडक दंडक कीर्तनकाराला घालून दिला. पण व्यवहारात याच समाजाने कीर्तनकाराला बिदागी दिली, पुराणिकाच्या घरी शिधा पोहोचवला, शास्त्र्याला इनाम जमिनीच्या सनदा करून दिल्या, आणि पेशव्यांच्या अमदानीत दर श्रावणात पुण्यास दूरदूरच्या ब्राह्मणांना दक्षिणा वाटली. राज्य गेल्यावरही इंग्रज सरकारने त्या दक्षिणेची रक्कम चालू ठेवली. आणि १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या नव्या विचाराच्या मंडळींनी, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षीस म्हणून मिळावा असा अर्ज केला, तेव्हा जुन्या पक्षाने मोठा क्षोभ केला. त्या वादाकडे जुन्या-नव्यांचे भांडण म्हणूनच पाहिले जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. विद्वानाचे पोट कोण भरतो यावर तो कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणार हे ठरत असते, ही गोष्ट त्या अर्जदारांनी नेमकी ओळखली होती. दक्षिणा संस्कृताला असेल तोवर विद्या संस्कृतात राहणार, आणि मराठीला दाम मिळू लागला की ती मराठीत उतरणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा मोलाचा खरा दोष घेणाऱ्याच्या लोभापेक्षा निराळ्या ठिकाणी आहे. लोभ तर नारळवाल्यालाही असू शकतो. पण त्याच्या लोभाने नारळ नासत नाही. विचाराचे तसे नाही. सांगणाऱ्याची भाकर ऐकणाऱ्याच्या हाती गेली, की सांगण्याच्या गाभ्यालाच कीड लागण्याचा संभव उत्पन्न होतो. ऐकणारा रुष्ट होऊ नये म्हणून अप्रिय भाग गाळला जातो. तो पुन्हा यावा म्हणून आज सांगता येण्यासारखी गोष्ट उद्यावर टाकली जाते. आणि ती सोपी आहे असे कळले तर सांगणाऱ्याची गरजच संपेल, म्हणून सोप्या गोष्टीवर शब्दांची पुटे चढवली जातात. हे सारे जाणूनबुजून होते असे माझे मुळीच म्हणणे नाही. चातुर्मासभर पुराण सांगून ज्याला वर्ष काढावयाचे आहे, त्या सत्त्वशील पुराणिकालाही चार महिन्यांचा विषय चार दिवसांत मावतो असे सहसा दिसणार नाही. आणि त्या चार महिन्यांत त्याने खेड्यापाड्यांतून कथा, नीती व भाषा जिवंत ठेवली, हे त्याचे ऋण मान्य करूनही एवढे म्हणावेच लागते, की विचार स्वच्छ सांगणे आणि सांगण्यावर जगणे या दोहोंत एक अंगभूत ताण आहे.

हा ताण ज्यांनी आपल्या आयुष्यापुरता सोडवला अशा दोन पुरुषांची चरित्रे मला या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी वाटतात. त्यांपैकी एक याच वज्रेश्वरीच्या पंचक्रोशीत राहिले, आणि दुसरे मुंबईच्या गिरगावाशेजारी खेतवाडीत. १९३६ हे साल दोघांच्याही आयुष्यात निर्णायक ठरले.

पहिले नित्यानंद स्वामी. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून ते या भागात आले, काही वर्षे वज्रेश्वरीस राहिले, आणि १९३६ मध्ये जवळच्या गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळाजवळ, उष्णोदकाच्या कुंडांपाशी त्यांनी वस्ती केली. ८ ऑगस्ट १९६१ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. कमरेला लंगोटी, आणि बोलणे इतके अल्प की तासन्‌तास समोर बसलेल्या माणसाला एखादा शब्द मिळाला तर तो भाग्यवान. तरुणपणी मंगळूरकडे असताना त्यांच्या तोंडून निघालेली वचने तेथील भक्तांनी टिपून घेतली, ती ‘चिदाकाशगीता’ या नावाने प्रसिद्ध आहेत. पण गणेशपुरीच्या नित्यानंदांनी प्रवचन असे केले नाही. त्यांची आकाशवृत्ती होती. समोर फळे येत, वस्त्रे येत, पैसा येई, आणि आलेले तेथेच वाटले जाई. उपदेशाचा विक्रय होण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही, कारण शब्दांत उपदेश असा जवळजवळ नव्हताच. रानाने वेढलेल्या त्या ओसाड जागेचे मात्र त्यांच्या भोवती गाव झाले. मार्ग झाला, दुकाने आली, धर्मशाळा उठल्या. पुढे त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे तेथे देशोदेशींचे साधक येऊ लागले. मौनाचा मार्ग थोर आहे यात शंका नाही. पण तो ज्याचा त्याला. आणि ज्याला एखादी गोष्ट समजली आहे व ती दुसऱ्याला समजावल्यावाचून राहवत नाही, अशा माणसाला त्या मार्गापासून आपल्या चरितार्थाची दिशा मिळत नाही.

ती मिळते खेतवाडीच्या दुकानदाराकडे. मारुती शिवरामपंत कांबळी हे त्यांचे नाव. जन्म १८९७ चा. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात, शेतीवर राबणाऱ्या घरात गेले, आणि शाळेचे शिक्षण नाममात्र झाले. वडिलांच्या मृत्यूनंतर, १९१८ च्या सुमारास, कोकणातील हजारो तरुणांप्रमाणे तेही पोटासाठी मुंबईस आले. प्रथम एका कचेरीत कारकुनी केली. पण दुसऱ्याच्या हुकमतीखाली काम करणे मानवेना म्हणून स्वतःचे लहान दुकान काढले. मुलांचे कपडे, तंबाखू आणि हाताने वळलेल्या विड्या हा त्यांचा माल. धंद्याने चांगला जीव धरला. दुकाने वाढत वाढत आठापर्यंत गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९३३ मध्ये एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. हे महाराजही मुळात हिशेबाचे माणूस. सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे. तरुणपणी विजापूरच्या एका मारवाडी पेढीवर ते मुनीम होते, आणि तेथे असताना त्यांना इंचगिरी संप्रदायाच्या भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह झाला. परमार्थात मुंगीची वाट आणि पक्ष्याची वाट असे दोन मार्ग सांगतात. साधनांच्या पायऱ्या चढत जन्मभर चालणे ही पहिली, आणि विचाराच्या एकाच झेपेने फळावर जाऊन बसणे ही दुसरी. सिद्धरामेश्वरांचा भर दुसरीवर होता. त्यांनी या नव्या शिष्याला सांगितले ते थोडक्यात इतकेच, की तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, तेव्हा ‘मी आहे’ या जाणिवेवर चित्त ठेव आणि तू कोण ते पाहा. दुकानात बसून, गिऱ्हाइकाला विड्या देत, उसनवारीचे हिशेब ठेवत या माणसाने तीन वर्षे तेवढेच केले. १९३६ मध्ये गुरूंनी देह ठेवला, तोवर शिष्याचे काम झाले होते.

चरित्रातील यापुढचा भाग माझ्या मते सर्वांत विचार करण्यासारखा आहे. १९३७ मध्ये त्यांनी घर, कुटुंब, दुकाने सोडून संन्याशाप्रमाणे देशाटन आरंभिले. वाटेत एका गुरुबंधूशी बोलणे झाले, आणि कर्म करीत असता वैराग्य राखणे हे घर सोडण्यापेक्षा अधिक फलदायी आहे असे त्यांच्या मनाने घेतले. १९३८ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा धंदा मोडला होता. अनेक दुकानांपैकी एक लहानसे तेवढे उरले होते. त्यांनी ते एकच पुरे म्हटले. पूर्वीचा व्याप पुन्हा उभा करण्याची खटपट केली नाही, आणि उरले तेही सोडून दिले नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली आणि दुकानदारीतून मन काढून घेतले. त्या त्यागाची भव्यता निराळी आहे. येथे मात्र एक गृहस्थ बायकामुलांचा निर्वाह होईल एवढे दुकान ठेवतो, आणि बाकीचा सर्व वेळ आपल्या खऱ्या कामाला मोकळा करतो. शिंप्याने अंगाचे माप घेऊन अंगरखा बेतावा तसा त्याने धंदा आयुष्याच्या मापाने बेतला. आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम याच्या उलट असतो. धंद्याचे किंवा नोकरीचे माप आधी ठरते आणि आयुष्य त्याच्यात कोंबावे लागते.

पुढे हे गृहस्थ निसर्गदत्त महाराज या नावाने ओळखले जाऊ लागले. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, राहत्या घरीच, अरुंद जिन्याने चढून जावे लागे अशा पोटमाळ्यावर त्यांची बैठक भरे. संप्रदायाची भजने, आरती, आणि मग सकाळ-संध्याकाळ प्रश्नोत्तरे. जागा मोजक्या माणसांनी भरून जाई. आधी गल्लीतले व ओळखीचे लोक येत. नंतर वकील, डॉक्टर, अधिकारी आले, आणि १९७० नंतर युरोप-अमेरिकेतील तरुण त्या जिन्यावर गर्दी करू लागले. मौरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर तेथे नित्य बसत. हे फ्रीडमन महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नव्हेत. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजेसाहेबांनी रयतेला स्वराज्याची जी घटना दिली तिच्या सिद्धतेत त्यांचा हात होता, आणि गांधीजींच्या सहवासात चरख्यात सुधारणा करण्याच्या कामीही त्यांनी डोके चालवले होते. त्यांनी मराठीतील ही संभाषणे ध्वनिमुद्रित करवून इंग्रजीत आणली, आणि १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनाने ती ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने प्रसिद्ध केली. एका मोठ्या बँकेच्या सर्वोच्च हुद्द्यावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर विडीच्या दुकानदाराचे दुभाषे होऊन त्याच्या पायाशी बसत, हे दृश्य मुंबईने पाहिले आहे.

त्या बैठकीला फी नव्हती. आणि फी नव्हती म्हणून तेथे काय काय शक्य झाले, ते बारकाईने पाहिले पाहिजे. पुस्तकी वेदान्त घोकून आलेल्या विद्वानाला हे महाराज मध्येच थांबवीत आणि प्रश्न विचारणारा कोण हे आधी पाहावयास सांगत. वाद घालण्यासाठीच आलेल्यावर ते उसळून बोलत. जो बरेच दिवस बैठकीला येत आहे त्याला, आता ऐकणे पुरे, जागा दुसऱ्याला दे, असे सांगून ते निरोप देत. जगात कोणत्या शिकवणीच्या वर्गाला हे परवडेल? नेमाने येणारा विद्यार्थी हाच ज्याच्या जमेचा आधार, त्याने त्यालाच, तुझे काम झाले, जा, असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या रोजमेळावर काट मारणे होय. हे बोलण्याची मोकळीक त्या लहानशा दुकानाने दिली. चार पैशांच्या विडीच्या जुडीने त्या पोटमाळ्यावरील सत्य कोणाचेही मिंधे होऊ दिले नाही, असे मी म्हणतो तेव्हा त्यात अलंकाराचा भाग काही नाही. तो निव्वळ जमाखर्चाचा भाग आहे.

दुकानाचा दुसराही एक उपकार त्या बोलण्यावर झाला असावा. निसर्गदत्तांची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना तिचा आखूडपणा जाणवलेला असतो. वाक्य लहान, दाखला रोजच्या जगण्यातला, आणि उत्तर जेथे संपते तेथे खरोखरच संपते. पांडित्याने येणारी सफाई ही नव्हे, कारण पांडित्य त्यांच्यापाशी नव्हते. ज्याला दिवसभर गल्लीतल्या हमालाशी, गिरणीकामगाराशी, उधारी मागणाऱ्याशी आणि देणे चुकवणाऱ्याशी बोलावे लागते, त्याला शब्द जपून खर्चण्याची आणि समोरच्याला खरोखर काय हवे आहे ते ओळखण्याची सवय लागते. गिऱ्हाइकाला माल न कळेल अशा भाषेत दुकानदार बोलत नाही. आणि नावे काय, जमा काय, बाकी काय, हे तीन रकाने ज्याच्या डोक्यात कायमचे आखलेले आहेत त्याचे तत्त्वज्ञानही फार पसरत नाही. सिद्धरामेश्वर मुनीम होते हे मला म्हणूनच योगायोगासारखे वाटत नाही. त्यांचे विवेचनही असेच आहे: देह नावे टाका, मन नावे टाका, आणि बाकी काय उरते ते पाहा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विचार स्पष्ट करणारा प्रत्येक जण दुकान काढून बसला तर ज्या विद्येला अखंड व्यासंग लागतो तिचे काय होईल? त्याच इंचगिरी परंपरेतील दुसरा पुरुष या आक्षेपाचे उत्तर देतो. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे, भाऊसाहेब महाराजांचेच शिष्य. जन्म जमखंडीस, १८८६ मध्ये. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, अलाहाबाद विद्यापीठात विभागप्रमुख व पुढे कुलगुरू झाले, आणि महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवावर त्यांनी १९३३ मध्ये इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या आधारावाचून आजही या विषयाचा अभ्यास पुरा होत नाही. ते वेतन घेत, आणि ते विचार समजावून सांगण्याचेच वेतन होते. पण ते वेतन विद्यापीठाच्या कोशातून, नेमलेल्या विषयासाठी होते. निंबाळच्या आश्रमात जे साधक त्यांच्याजवळ बसत त्यांच्याशी रानड्यांचा पैशाचा व्यवहार नव्हता. म्हणजे व्यासंगाला वेतन असावे, आणि ते ऐकणाऱ्याच्या खुशी-नाखुशीपासून जितके दूर राहील तितके बरे. माझा आग्रह दुकानाचा नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये पैसा येऊन बसू नये, एवढाच आहे. उलट मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ मध्ये मिशनऱ्यांशी जाहीर वाद करणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी जकातीच्या खात्यातील नोकरी सोडून बाहेर पडले होते. रयतेच्या सुखाविषयीचे त्यांचे १८६७ च्या निबंधातील विचार त्या काळाच्या कितीतरी पुढचे होते, आणि सरकारी नोकर राहून ते त्यांना तितक्या मोकळेपणाने मांडता आले असते असे मला वाटत नाही. ज्याला राज्यकर्त्याविषयी बोलावयाचे आहे त्याने राज्यकर्त्याचे वेतन घेऊ नये. ज्याला गिऱ्हाइकाविषयी बोलावयाचे आहे त्याने गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना सावध असावे.

गाडगे महाराजांनी तर हे अंतर आपल्या प्रत्येक दिवसात पाळले. ज्या गावी कीर्तन करावयाचे त्या गावचा रस्ता आधी झाडावयाचा, भाकरी श्रमाच्या बदल्यात घ्यावयाची, आणि मग रात्री समोरच्या अडाणी शेतकऱ्याला प्रश्न विचारीत विचारीत, त्याच्याच तोंडून कर्जाचे, दारूचे, बोकडाच्या नवसाचे उत्तर काढून घ्यावयाचे. लोकांनी दिलेल्या पैशाने त्यांनी पंढरपुरास, नाशकास, आळंदीस धर्मशाळा उठवल्या, पण त्या धर्मशाळांच्या अन्नावर आपला वा आपल्या कुटुंबाचा हक्क सांगितला नाही. महाराष्ट्रात लोकांना कठीण गोष्ट इतकी सोपी करून सांगणारा दुसरा माणूस झाला नाही, आणि घसघशीत बिदागी घेणाऱ्या एखाद्या कीर्तनकाराला नवसाच्या बोकडाविरुद्ध नवस करणाऱ्याच्याच मांडवात इतके उघड बोलणे कितपत साधले असते, हे वाचकाने स्वतःच ठरवावे.

आता ज्या धंद्याविषयी मी इतके लिहिले त्याच्या एका अंगाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. विडी ही निरुपद्रवी वस्तू नाही. भंडारा-गोंदियाकडच्या टेंभुर्णीच्या पानात निपाणीकडची तंबाखू भरून ज्या बायका दिवसाला शेकड्यांनी विड्या वळतात त्यांच्या छातीत ती धूळ जाते, आणि ओढणाऱ्याचे काय होते ते रुग्णालयांना विचारावे. निसर्गदत्त स्वतः विड्या ओढीत, आणि ८ सप्टेंबर १९८१ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. भक्तांच्या चरित्रांतून याचे तत्त्वज्ञान केले जाते. देहाला जे झाले ते देहाला, असे म्हटले जाते. ती दृष्टी त्यांच्या आचरणापुरती खरी असेल, अखेरच्या वेदनांतही त्यांचे बोलणे थांबले नाही ही गोष्ट आदरास पात्रच आहे. पण दुकानातून जुडी घेऊन जाणाऱ्या हमालाला ते ज्ञान झालेले नव्हते. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीव हे स्वतंत्र अंग ठेवलेले आहे, आणि शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे तेथे सांगितले आहे. तो नियम मला येथे पाळण्यासारखा वाटतो. खेतवाडीच्या दुकानाचा आकार घ्यावा, त्याचे स्वातंत्र्य घ्यावे, माल मात्र दुसरा असावा.

अशा मालाचा आणि अशा उपदेशकाचा मेळ घालणारी एक प्राचीन कथा या भागाला परकी नाही. वसई तालुक्यातील सोपारे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे नामांकित बंदर; तेथे अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. त्या लेखाची भाषा लोकांच्या तोंडची प्राकृत आहे. एवढ्या मोठ्या सम्राटाने धर्म म्हणजे काय हे प्रजेला कळेल अशा बोलीत दगडावर कोरवले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. याच सोपाऱ्याचा, म्हणजे जुन्या शूर्पारकाचा, पूर्ण नावाचा व्यापारी ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात येतो. दासीच्या पोटी जन्मलेला, भावांनी वाट्याला काही न देता वेगळा काढलेला; त्याने चंदनाच्या व्यापारात स्वतःच्या हिकमतीने धन मिळवले, समुद्रावर सफरी केल्या, आणि जहाजावरील सहप्रवाशांच्या मुखी बुद्धवचन ऐकून तो श्रावस्तीस जाऊन भिक्षू झाला. पुढे आपल्याच मुलखाच्या आसपासच्या लोकांत जाऊन धर्म सांगण्याची त्याने परवानगी मागितली. ते लोक तामसी म्हणून प्रसिद्ध होते. तेव्हा बुद्धांनी त्याला किती शास्त्र येते, वादात कोणाला जिंकता येते, असले काही विचारले नाही. त्या लोकांनी शिव्या दिल्या तर काय करशील, असे विचारले. तो म्हणाला, हात उगारला नाही हे त्यांचे भलेपण समजेन. हात उगारला तर? दगड मारले नाहीत हे भलेपण समजेन. दगड मारले, शस्त्र चालवले तर? जीव घेतला नाही हे भलेपण समजेन. आणि जीवच घेतला तर? या देहाचा कंटाळा येऊन त्यातून सुटण्यासाठी कित्येक जण स्वतःच शस्त्र शोधतात. मला ते न शोधताच मिळाले असे समजेन. श्रोत्यांकडून ज्याला काहीही, अगदी सौजन्यसुद्धा, येणे नव्हते अशा त्या व्यापाऱ्याला बुद्धांनी धर्म सांगण्यास जाण्याची अनुज्ञा दिली.